पहिला पाटा कोणता?

मंडळी, हिंगोलीला तुम्ही कधी ना कधी गेला असालच. हळद घेऊन गेला असाल, दसऱ्याला गेला असाल, नाहीतर औंढ्याच्या नागनाथाला किंवा नर्सीला नामदेवांच्या जन्मगावी जाताना तिथे एसटी बदलली असेल. पुढच्या खेपेला अर्धा तास हाताशी ठेवा आणि रस्त्याकडेच्या गॅरेजांच्या ओळीत जरा उभे राहा. डोळ्यांपेक्षा कानांना काम द्या.

अकोल्याहून निघालेला हा रस्ता वाशिम, हिंगोली, नांदेड, देगलूर करीत तेलंगणात संगारेड्डीपर्यंत जातो. म्हणून वऱ्हाडचा ट्रक आणि हैदराबादकडचा ट्रक इथे एकाच मिस्त्रीपुढे उभे राहतात. पूर्वीपासून ही शिवेवरचीच जागा. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात इंग्रजांचा कारभार, अलीकडे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा. पुढे परभणी जिल्हा, आणि १ मे १९९९ पासून हिंगोली स्वतंत्र जिल्हा. कारभार बदलत गेले, शब्द मात्र इथेच मुक्कामाला राहिले.

ऐका तर खरे. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, ‘चावी’ही त्यांचीच. ‘कमान’ फारसी, म्हणजे धनुष्य. ट्रकखालच्या वाकड्या पाट्यांकडे पाहा म्हणजे नाव का पडले ते कळेल. हौदा होता हत्तीच्या पाठीवर, तो आला ट्रकवर. मागची उघडझाप करायची फळी म्हणजे फाळका, एसटीचे छप्पर म्हणजे टप. शॉक अॅब्सॉर्बरचा झाला ‘शॉकअप’ आणि क्लीनरचा ‘किन्नर’.

जास्तीच्या चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. ते नाव पार वेल्समधल्या लॅनेली गावचे. जुन्या मोटारींना जादा चाकच नसे. तिथल्या डेव्हिस भावांनी १९०४ च्या सुमारास टायर चढवलेली जादा धाव काढली, ती पंक्चर चाकाला बाजूने आवळून गाडी घरापर्यंत नेता येई. त्यांचे दुकान स्टेपनी नावाच्या रस्त्यावर होते. तो रस्ता आज आपल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीपर्यंत पोचला आहे!

साहेबांच्या भाषेतही सगळे एकमताने चालत नाही. इंजिनावरच्या झाकणाला इंग्रज ‘बॉनेट’ म्हणतो, अमेरिकन ‘हूड’. आपल्याकडे हूड म्हणाल तर ट्रॅक्टरवाल्याच्या डोक्यावरचे छप्पर. मागच्या सामानाच्या जागेला इंग्रज ‘बूट’ म्हणतो, अमेरिकन ‘ट्रंक’ आणि आपण ‘डिकी’. आपल्या मिस्त्रीला मात्र बूट म्हणजे सांध्यावरची रबरी टोपी. डॅशबोर्ड तर मूळचा घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवायला पुढे लावलेली ती फळी. म्हणजे त्यांच्या मोटारीतही जुनी गाडी लपलेली आहे, जशी आपल्या ट्रॉलीत बैलगाडी. लोखंडाच्या अॅक्सलला कितीतरी म्हातारे अजून ‘आख’च म्हणतात.

हे सारे ऐकायला गमतीचे वाटते. पण नावातला घोटाळा अंगाशी कसा येतो, ते मी भोगले आहे.

एका चैत्रात वाळलेली हळद ट्रॉलीत भरून आम्ही निघालो. वाटेत खड्ड्यात मोठा आवाज झाला आणि ट्रॉली एका बाजूला कलली. पाटा तुटला होता. पश्चिमेला आभाळ काळे होत चाललेले. भावाला फोन केला, “पहिला पाटा तुटलाय, घेऊन ये.” भाऊ दुकानात गेला. त्यानेही ‘पहिला’च सांगितले. दुकानदाराने खालून मोजले, मी वरून! दोन तासांनी भाऊ आला तो सर्वांत आखूड पाटा घेऊन. मला हवा होता सर्वांत लांब, ज्याच्या टोकांना डोळे असतात तो मेन पाटा.

सोबतचे म्हातारे मिस्त्री चाचा म्हणाले, “भाऊ, पहिला म्हनल्यावर कोन्ता समजावा मानसानं? वरून का खालून?” मी काय बोलणार? भाऊ परत फिरला आणि पाऊस आला. ताडपत्री होती, पण कलत्या ट्रॉलीच्या एका कोपऱ्यात पाणी साचले. तेवढी पोती भिजली आणि बाजारात वेगळी काढावी लागली. वर्षभराची मेहनत, घरच्या बायांनी निवडलेली हळद. चूक कुणाची म्हणावी? भावाची नाही, दुकानदाराचीही नाही. एका शब्दाचे दोन अर्थ होते आणि मी एकच धरून चाललो होतो.

तेव्हापासून आमच्या घरी रीत पडली आहे, तुम्हीही पाडा. तुटलेला भाग शक्यतो सोबत न्या. नेता येत नसेल तर सुतळीने लांबी मापून गाठ मारा, रुंदी-जाडी कागदावर लिहा, पाटे एकूण किती तेही मोजा. मोबाईलवर फोटो पाठवा. ट्रॅक्टरचा भाग असेल तर पुस्तिकेतला नंबर सांगा. आणि घरातल्या लेकीसुनांनाही ही नावे शिकवा, कारण फोन बहुधा त्याच उचलतात.

हिंगोलीच्या त्या ओळीत हे शब्द फुकट ऐकायला मिळतात. ऐका, जपा. पण सामान घेताना नावावर विसंबू नका, माप सांगा.