बावन्न वजा सदतीस

शिक्षक व्हायचं म्हटलं की घरातले आधी हिशेब मांडतात. दोन वर्षं डी.एल.एड., मग टीईटी, खुल्या गटात 150 पैकी 90 गुण, मग पवित्र पोर्टलवरच्या भरतीकडे डोळे. लागलीच नोकरी, तर तीन वर्षं शिक्षणसेवक. प्राथमिकला मानधन 16,000. (2023 च्या आधी ते सहाच हजार होतं, हे मामा आवर्जून ऐकवतो.) हिशेब चूक नाही. माझ्याकडे त्याला उत्तरही नाही.

पण शेजारची तिसरीतली पोरगी वही घेऊन येते. 52 वजा 37, उत्तर 25. आई म्हणते, लक्षच नसतं हिचं. लक्ष चांगलं आहे! दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन काढले. प्रत्येक गणितात तेच, इमानेइतबारे. मी आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधले. पाच गठ्ठे, दोन सुट्या. ‘यातल्या सदतीस दे,’ म्हटलं. तीन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या, मग थांबली. माझ्याकडे बघितलं, गठ्ठ्याकडे बघितलं आणि न विचारता रबर काढलं.

ही गाठ तिसरीत सुटली नाही, तर पुढे भागाकारात अडते, आणि ‘गणित जमत नाही’ हा शिक्का बसतो तो कायमचा. कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक. म्हणजे तीस वह्या, आणि प्रत्येकीत चुकण्याची वेगळी तऱ्हा. ती ओळखायला मला शिकायचंय.

मामाला काड्या दाखवल्या. म्हणाला, ‘छान. बँकेचा फॉर्मही भरून ठेव.’ भरणार आहे.