दुर्गाघाटावर ठिणगीचा शोध

काशीला गेलेला मराठी माणूस विश्वनाथाचे दर्शन घेतो, दशाश्वमेधावरची आरती पाहतो आणि गंगेचे गडू घेऊन परततो. दुर्गाघाटाकडे सहसा कुणाची पावले वळत नाहीत. खरे तर हा आपलाच घाट! पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी तो १७४०च्या सुमारास बांधला. एका बाजूला पंचगंगा घाट, दुसऱ्या बाजूला ब्रह्माघाट. घाटाला नाव मिळाले ते वरच्या ब्रह्मचारिणी दुर्गेवरून. नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी तिच्या दर्शनाला रांगा लागतात. मागच्या गल्ल्यांत काही जुन्या घरांतून आजही मराठी कानावर पडते.

या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून गाय आली तर माणसाने अंग चोरून भिंतीला चिकटायचे. मोटार किंवा रिक्षा आत येण्याची बातच नको. चाके हवीत तर दुचाकीचीच. अशाच एका वाड्याच्या देवडीत एक जुनी बजाज चेतक उभी असते. आपल्या आकुर्डीतून देशभर पोहोचलेली ही स्कूटर कारखान्यातून निघायची थांबली, त्याला आता बरीच वर्षे झाली. इथे मात्र ती अजून घरातले माणूसच आहे.

भाद्रपदात गंगेचा पूर ओसरला. पायऱ्यांवर गाळ आणि भिंतींना ओल ठेवून गेला. पंधरा दिवस त्या ओलीत उभी असलेली स्कूटर सुरूच होईना. आजोबांनी ती सवयीप्रमाणे एका बाजूला कलती केली, किकवर किक मारल्या. गाडी ढिम्म! दुसऱ्या दिवशी आजींना दवाखान्यात न्यायचे होते. त्यांच्या गुडघ्यांना मैदागिनपर्यंतची चाल झेपत नाही.

नातू म्हणाला, "आजोबा, मिस्त्री म्हणतो कॉईल गेलीय. विकून टाका आता ही गाडी."

"त्यानं उघडून पाहिली का?"

"नाही."

"मग कॉईल गेली कशावरून? आण तो पान्हा."

आजोबांनी प्लग काढला. तो पेट्रोलने ओला होता. म्हणजे पेट्रोल येत होते, पेटत नव्हते. प्लग पुसून, कोरडा करून कॅपमध्ये बसवला. सांडलेल्या पेट्रोलपासून दूर, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून नातवाला किक मारायला सांगितली. ठिणगी नाही. नवा प्लग लावला, तरी नाही. कॅप काढून वायरचे टोक लाकडी चिमट्याने इंजिनाच्या धातूपासून जरासे दूर धरले. तिथेही करंट नाही. प्लग आणि कॅप निर्दोष सुटले.

इथेच बहुतेक जण कॉईल विकत आणतात. आजोबांचा नियम वेगळा : आधी फुकटची तपासणी, मग स्वस्त वस्तू, महागाची सर्वांत शेवटी. या स्कूटरला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. फिरणारे मॅग्नेटो करंट तयार करते. किल्ली बंद केली की तो करंट एका वायरीतून गाडीच्या सांगाड्यात उतरतो आणि इंजिन थांबते. तीच वायर सोलून सांगाड्याला टेकली, तर किल्ली चालू असूनही गाडी स्वतःला बंदच समजणार!

आजोबांनी लॉककडे जाणारी ती वायर सोडवली. नातवाने किक मारली. टक्‌! निळी ठिणगी.

ओलीने फुगून फाटलेले वायरचे आवरण हँडलच्या खाली सापडले. वायर कोरडी करून टेप गुंडाळली आणि जागच्या जागी जोडली. न जोडता सोडली असती, तर गाडी किल्लीने बंदच झाली नसती. हा उपाय लागू पडला नसता, तर पुढची पायरी पॉइंटची : बारीक पॉलिश पेपरने साफ करणे आणि फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवणे. मग कंडेन्सर आणि अगदी शेवटी कॉईल. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या मॉडेलमध्ये पॉइंट नसतात, एवढा फरक.

खर्च आला टेपचा. दुसऱ्या दिवशी आजी मागच्या सीटवर बसून निघाल्या. कालभैरवाच्या बाजूने मैदागिनकडे जाताना स्कूटरचा ओळखीचा फटफटाट गल्लीभर घुमला. नातवाने गाडी विकण्याचा विषय पुन्हा काढला नाही. संध्याकाळी तो पान्हा घेऊन आजोबांच्या शेजारी बसला होता. म्हणाला, "आता पॉइंट कुठे असतात ते दाखवा."

कसे जाल? मुंबईहून महानगरी एक्स्प्रेसने वाराणसीला उतरावे. रिक्षा मैदागिनपर्यंत मिळते, पुढे पायीच जावे लागते. नावेतून गेल्यास पंचगंगेला लागूनच दुर्गाघाट दिसतो. पावसाळ्यात घाट पाण्याखाली जातात, म्हणून कार्तिक ते फाल्गुन हा काळ उत्तम. कार्तिकी पौर्णिमेला देवदिवाळीच्या पणत्यांनी सगळे घाट उजळून निघतात.