बिनकामाचा पूल

पूल म्हटला की पलीकडे काहीतरी काम असायला हवं, अशी माझी मध्यमवर्गीय समजूत. दादर स्टेशनचा पूल घ्या. त्यावर उगाच उभा राहिलेला माणूससुद्धा गर्दीच्या कृपेने पलीकडच्या जिन्यावर पोचतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला गॅपस्टो पूल मात्र या नियमात बसत नाही. बागेच्या आग्नेय कोपऱ्यातल्या एका तळ्याच्या चिंचोळ्या मानेवर तो निवांत बसला आहे. तळं काही फार मोठं नाही. वळसा घालूनही पलीकडे जाता येतं. म्हणजे या पुलावाचून कुणाचं अडत नाही. आणि नेमका म्हणूनच माझा त्याच्यावर जीव जडला.

कारण मुलाकडे न्यू जर्सीला गेल्यापासून माझ्यावाचूनही कुणाचं अडत नव्हतं. भांडी यंत्र घासत होतं, विजेचं बिल आपलं आपण भरलं जात होतं. दूधवाल्याशी हुज्जत घालावी, तर दूधवालाच नाही! आमच्या हिला निदान नातवाने कामाला जुंपलं होतं. मला मात्र "बाबा, तुम्ही आराम करा" एवढं एकच खातं मिळालं होतं. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला असलं बिनव्यवहाराचं खातं सांभाळणं किती जड जातं, हे मुलाला कोण सांगणार?

अशात एका रविवारी आमची वरात या पुलावर आली. "आजोबा, हा 'होम अलोन २'मधला ब्रिज!" नातू ओरडला. १९९२ च्या त्या सिनेमात हा पूल आहे खरा. मला मात्र गावच्या ओढ्यावरची मोरी आठवली. नक्षी नाही, डौल नाही. ४४ फुटांची एकच कमान आणि साधे घडीव दगड. दगड आपल्या काळ्या कातळासारखा नव्हे. करडा, जवळून पाहिलं तर अभ्रकाने चमचमणारा. हा मॅनहॅटन बेटाच्याच पोटातला दगड. त्याचे सख्खे भाऊ समोरच्या टोलेजंग इमारती डोक्यावर घेऊन राबताहेत आणि हा पठ्ठ्या तळ्यात पाय सोडून बसलाय!

इथे आधी १८७४ सालचा लाकडी पूल होता. तो झिजला, तेव्हा एखाद्या हिशेबी माणसाने (म्हणजे मी) "काढून टाका, लोक जातील वळशाने" असा शेरा मारला असता. त्या मंडळींनी १८९६ साली त्याच जागी दगडी पूल बांधला. बिनकामाची वस्तू, म्हणून जास्त टिकाऊ! सव्वाशे वर्षं उलटून गेली, पूल जागचा हललेला नाही. हे कळल्यावर मला उगाचच धीर आला.

मी कठड्याला टेकून बदकं पाहत उभा राहिलो. एवढ्यात एका जोडप्याने माझ्या हातात फोन दिला आणि फोटो काढायची विनंती केली. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. अमेरिकेतली माझी ही पहिली नोकरी. पगार नाही, पण सही करायला मस्टरही नाही.

"बाबा, पलीकडे जायचं ना?" मुलगा घड्याळ बघत म्हणाला.

"पलीकडे काय आहे?"

"काही नाही. रस्ता."

"मग घाई कसली?" मी म्हटलं, आणि चौथ्या जोडप्याला जरा डावीकडे सरकायची खूण केली.