वाडीच्या समाचाराला

माणूस गेलं की आपण जातो. दहाव्याच्या आत जातो, लांब असलो तर तेराव्याला पोचतो, अगदीच जमलं नाही तर महिन्याभरात जाऊन घटकाभर बसून येतो. पण एखाद्या घराची वाडी गेली, आजेसासऱ्यांनी लावलेले माड आणि सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या, तर त्या घरी जायचं असतं की नाही? माझ्या आईच्या मते जायचंच असतं. "वाडी म्हणजे त्यांच्या घरातलं माणूसच की. फोनवर कोणी समाचार घेतं का?" हे ती मला गेली काही वर्षं ऐकवत होती. या हिवाळ्यात आम्ही दोघी श्रीवर्धनला मावशीकडे गेलो, ते या समाचारासाठी.

मावशी म्हणजे आईची अध्यापक विद्यालयातली मैत्रीण. वसतिगृहात दोघी एका खोलीत राहिल्या. मग एक पुण्यात नांदायला आली, दुसरी श्रीवर्धनला गेली आणि मैत्री टपालाने, एसटीने चालत राहिली. दिवाळीनंतर तिकडून रोठा सुपारीची पिशवी यायची. इकडून ज्वारीचं पीठ आणि दाण्याचं कूट जायचं. एकमेकींच्या घरी मुक्काम मात्र फार क्वचित झाला. दोघी नोकरी करणाऱ्या, दोघींच्या घरी म्हातारी माणसं. लहानपणी एका उन्हाळ्यात मी आईबरोबर तिथे गेले होते. त्यातली वाडीची सावली तेवढी मला आठवते. भर दुपारी घराच्या मागच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की ऊन लागायचंच नाही.

ती सावली ३ जून २०२० ला गेली. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धनच्या जवळच दुपारी किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या पट्ट्यातल्या वाड्या काही तासांत झोपल्या, घरांची कौलं आणि पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले. वीज परत यायला काही गावांत आठवड्यांमागून आठवडे गेले. एरवी असं काही झालं असतं तर मुंबईतले चाकरमानी रात्रीच्या गाडीने गावी पोचले असते आणि मिळेल तो कोयता हातात घेऊन वाडीत शिरले असते. पण तो टाळेबंदीचा जून होता. जिल्ह्याची हद्द ओलांडायला परवाना लागत होता आणि मुंबईहून येणाऱ्या माणसाची गावाला धास्ती होती. श्रीवर्धनच्या त्या दुःखात मला सर्वांत कठीण वाटतं ते हेच. एवढं मोठं नुकसान झालं आणि दारात कोणी आलं नाही. माणसं आपापल्या पडलेल्या वाडीत एकेकटी उभी राहिली. पुढे निर्बंध उठले, पण तोवर आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आली, मग दुसऱ्या गुडघ्याची. वर्षं निघून गेली तरी तिच्या मनातून हे जाणं गेलं नव्हतं.

ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून म्हसळा आणि मग श्रीवर्धन. आई सगळ्या वाटेत फार बोलली नाही. पोचलो तेव्हा मावशी ओट्यावरच बसली होती. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि आधी गुडघ्यांची चौकशी झाली. रात्री कुळथाचं पिठलं, भात आणि पोह्याचा पापड. वादळाचा विषय कोणी काढला नाही. सकाळी चहा झाल्यावर आई काकांना म्हणाली, "भावोजी, मला वाडी बघायची आहे. सगळी."

काकांनी तिच्यासाठी काठी आणली आणि आम्ही मागच्या दाराने बाहेर पडलो. बाहेर ऊन होतं.

वाडी दाखवताना काका पडलेल्या झाडांपासून सुरुवात करत होते. इथे विहिरीच्या कडेला चार माड होते, ते मुळासकट उपटून पोफळींवर पडले. पोफळीचा सोट बारीक, उंच. ती उपटत नाही, मधेच मोडते. एक माड पडला की पाच-सहा पोफळी घेऊन जायचा. आई प्रत्येक जागी थांबत होती. कोणतं झाड, कोणी लावलेलं, किती वर्षांचं हे विचारत होती. काका सांगत होते. मला आधी वाटलं, कशाला ही उजळणी? पण काकांचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला तसं कळलं, की इतक्या वर्षांत त्यांना हे असं झाडागणिक कोणी विचारलंच नव्हतं. पंचनामा करणाऱ्यांनी आकडा विचारला होता. त्यांचं काम तेवढंच होतं.

जी झाडं वादळातून वाचली, तीही सगळी राहिली नाहीत. पोफळ ही गर्दीत वाढणारी जात आहे. शेजारणीची सावली तिच्या अंगावर असावी लागते. आजूबाजूची झाडं गेली आणि नैर्ऋत्येचं दुपारचं ऊन थेट खोडांवर आलं. काकांनी आईचा हात धरून एका खोडावर ठेवला. एका बाजूने साल हिरवट, गुळगुळीत, त्यावर पडलेल्या झावळ्यांच्या गोल खुणा. दुसऱ्या बाजूने साल करपून तपकिरी झालेली, उभी चीर गेलेली, बोट घातलं तर आत भुसा. "वाऱ्याने एका दिवसात नेली तेवढी नेली," काका म्हणाले, "ही उन्हाने दोन-तीन वर्षांत नेली."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. सुपाऱ्या पाडणारा गडी पायात दोरीचं कडं अडकवून एका पोफळीवर चढतो. तिचा घड उतरवला की शेंडा झुलवत शेजारची पोफळ धरतो आणि तिच्यावर जातो. अशी दहा-वीस झाडं तो जमिनीला पाय न लावता करतो. वादळानंतर झाडांमधलं अंतर इतकं वाढलं, की प्रत्येक पोफळीसाठी चढ-उतर करावी लागू लागली. एवढ्या मेहनतीत मजुरी परवडेना आणि पाडणारी माणसंही मिळेनाशी झाली.

सरकारी मदतीचा हिशेबही मी काकांकडून नीट समजून घेतला. त्या वेळी बागायतीची भरपाई वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली होती. ऐकायला रक्कम बरी वाटते. पण श्रीवर्धनच्या वाड्या हेक्टरात कोण मोजतो? दहा गुंठे, वीस गुंठे अशा त्या आहेत. गुंठ्याला साधारण पाचशे रुपये आले. नऊ-नऊ फुटांवर लावल्या तर हेक्टरात तेराशेच्या आसपास पोफळी बसतात, म्हणजे झाडामागे चाळीस रुपयेही नाहीत. पडलेलं एक झाड तोडून बाहेर काढायला याहून जास्त लागत होते. पुढे नारळ-सुपारीला झाडागणिक मदत द्यायचा निर्णय झाला. तो आधीच व्हायला हवा होता. भातशेती बुडाली तर एक हंगाम जातो. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सहा वर्षं घेते आणि मग पन्नास वर्षं देते. हंगामाच्या मापाने अशा झाडाचं नुकसान मोजणं हा अन्याय आहे.

स्वीडनमध्ये २००५ च्या जानेवारीत गुद्रुन नावाचं वादळ आलं होतं. दक्षिणेकडच्या जंगलांतलं सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड त्याने एका रात्रीत पाडलं. देशभराची जवळजवळ वर्षाची तोड. तिथली जंगलंही बरीचशी घरोघरच्या मालकीची. आजोबांनी लावायची आणि नातवाने तोडायची अशी झाडं. त्याबद्दल वाचलं होतं तेव्हा ती मला दूरची बातमी वाटली होती. काकांच्या मागून चालताना ती माणसं मला जवळची वाटली. त्यांनाही पुन्हा रोपं लावताना आपल्या वयाचा हिशेब करावा लागला असेल.

काकांनी तो हिशेब केला आणि रोपं लावली. वादळ झालं तेव्हा ते सत्तरीच्या घरात होते. पडलेली खोडं हलवण्यातच पहिला पावसाळा गेला. काही खोडं उभी चिरून पन्हळी केल्या, काही मांडवाला गेली, बाकीची जाळावी लागली. पुढच्या पावसाळ्यात आधी केळी लावल्या, कारण पोफळीच्या रोपाला सावली लागते आणि सावली देणारं काही उरलंच नव्हतं. केळीच्या आडोशाला रोपं लावली. रोपांची निवड, आळी, खत याबाबत श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्राचा सल्ला उपयोगी पडला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र इथेच आहे, आणि ते इथे आहे याचं कारण श्रीवर्धनची रोठा सुपारी. मोठी, आतून पांढरी, खायला मऊ. आता केळीच्या वर डोकं काढलेल्या पोफळी आम्ही पाहिल्या. एकीला पहिली पोय फुटली होती. मावशीने ती दाखवली तेव्हा आईने विचारलं, "हिला धरून किती?" आणि दोघी बोटं मोजत पुढे निघाल्या. एक मागे राहिली म्हणून परत आल्या, पुन्हा मोजलं.

तिसऱ्या प्रहरी दोघींना घेऊन मी बागमांडल्याला गेले. तिथून फेरीबोट सावित्रीची खाडी ओलांडून पलीकडे वेसवीला जाते. उजव्या हाताला समुद्राच्या बाजूला बाणकोटचा किल्ला दिसतो. पलीकडे वेळास. आता हे गाव कासवांसाठी प्रसिद्ध आहे, पण मला ते दाखवायचं होतं वेगळ्या कारणासाठी. श्रीवर्धनची देशमुखी भटांच्या घराण्याकडे होती. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसलं आणि बाळाजी विश्वनाथांना घरदार सोडून निघावं लागलं. वेळासच्या भानूंच्या घरी त्यांना आसरा मिळाला आणि भानू बंधूही त्यांच्याबरोबर देशावर निघाले, असं सांगतात. जे मिळेल त्यातला वाटा तुमचा, असा शब्द बाळाजींनी त्यांना दिला होता म्हणे. १७१३ साली शाहू महाराजांनी बाळाजींना पेशवेपद दिलं, पुढे फडणिशी भानूंच्या घरात आली आणि नाना फडणवीस त्याच घरातले. श्रीवर्धनमध्ये बाळाजींचा पुतळा आहे, लोक तिथे फोटो काढतात. मला मात्र त्या सगळ्या थोर इतिहासात खाडीपलीकडचं ते दार महत्त्वाचं वाटतं. राज्य पुढे आलं. आधी एक माणूस संकटात मित्राच्या दारी गेला, आणि त्या घराने आपलं काय होईल हे न बघता त्याला आत घेतलं.

मावशीने हे सगळं ऐकून घेतलं. ती इतिहासाचीच शिक्षिका होती, तिला माहीत होतं. बोटीच्या कठड्याला धरून ती आईला म्हणाली, "तेव्हा निदान खाडी ओलांडता यायची गं." मग बराच वेळ ती त्या जूनबद्दल बोलली. छप्पर उडाल्यावर चार रात्री स्वयंपाकघरात कशा काढल्या, भिजलेली तांदळाची कणगी, फोन बंद असल्यामुळे मुलाला आठवडाभर काही कळलं नाही ते. फेरीबोटीच्या इंजिनाच्या आवाजात मला अर्धंच ऐकू येत होतं. आईला सगळं ऐकू येत होतं.

श्रीवर्धनला आता राहायला जागांची कमी नाही. वाडी गेल्यावर कित्येकांनी मोकळ्या झालेल्या जागेत दोन-तीन खोल्या बांधल्या आणि पाहुणे ठेवायला लागले. मावशीच्या मुलानेही बांधल्या आहेत. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं येतात, मोदक खातात, किनाऱ्यावर फिरतात. त्या पैशांनीच नवी रोपं शिंपली गेली; त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्या येणाऱ्यांतलं कोणी मागच्या दाराने वाडीत जाऊन विचारत नाही, आणि घरचेही आपणहून सांगत नाहीत. पैसे देऊन चार घटका विसाव्याला आलेल्या माणसाला आपलं दुःख काय सांगायचं, असा त्यांचा सभ्य विचार. म्हणून आईसारख्या माणसांचं जाणं मला आता फार मोलाचं वाटतं. ओळखीच्या घरी, काही न्यायला-आणायला नाही, काही बघायला नाही, नुसतं त्यांच्या नुकसानीजवळ जाऊन बसायला जाणं. आपल्याकडे हे होतं, आहे. ते फक्त मृत्यूपुरतं उरू नये. पूर, वणवा, पडलेलं घर, मेलेला बैल, वाहून गेलेलं शेत यांनाही समाचार लागतो, आणि पाच वर्षांनी गेलं तरी चालतं, हे मी काकांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

निघायच्या आदल्या रात्री आईने विषय काढला. वादळापासून मावशी श्रीवर्धन सोडून कुठे गेलेली नाही. आधी छप्पर, मग रोपं, मग उन्हाळ्यातलं शिंपणं. डोळ्यात मोतीबिंदू वाढतोय, तोही तिने पुढे ढकललाय. आई म्हणाली, "चैत्रात तू पुण्याला यायचं. डोळा तिथे करू. महिनाभर राहायचं." मावशी म्हणाली, "आणि शिंपणं?" काका आतून म्हणाले, "पंप चालू करायला मला येतं. जा तू." मावशीने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सुपारी सोलत राहिली. आईने माझ्याकडे वळून पुणे गाडी किती वाजता सुटते ते विचारलं. मी डेपोत फोन लावायला उठले.