सेल्फ लागत नाहीये, बॉस!

नोकरीच्या जाहिराती वाचल्यात कधी? 'उमेदवार सेल्फ-स्टार्टर असावा.' म्हणजे काय, तर सकाळी कुणी धक्का मारायला लागू नये. माझ्यासारख्या फ्रीलान्सरकडून तर हे गृहीतच धरलेलं असतं. पण खराखुरा सेल्फ-स्टार्टर, म्हणजे चावी फिरवली की इंजिनाला पहिला हिसका देणारी ती मोटर, तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलीय? आपल्या गाड्या बटण दाबलं की सुरू होतात. बोनेट उघडायचं ते वॉशरचं पाणी भरायला, बस्स.

मी मात्र तो सेल्फ पाहिलाय. नुसता पाहिला नाही, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे करून बाहेर काढलाय. तोही एका अॅम्बॅसॅडरचा.

आमच्या पनवेलच्या घराच्या अंगणात १९८१ सालची मार्क फोर उभी आहे. आजोबांनी घेतलेली. आजोबा गेले, स्टिअरिंग बाबांकडे आलं. जुन्या हायवेने खंडाळ्याचा घाट चढताना रेडिएटर तापायचा आणि बाबा बाटलीतलं पाणी हातात धरून शांतपणे वाट बघत उभे राहायचे, हे माझं बालपण. आता बाबा ७१ वर्षांचे आहेत, उजवा खांदा आखडलाय. आणि गाडीचं रजिस्ट्रेशन २०२६ मध्ये संपतंय.

थोडं गणित सांगते. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, नंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून ते वाढवून घ्यावं लागतं. वीस वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ही फी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झालीय. पर्यावरण कर वेगळा. 'व्हिंटेज' म्हणून मिरवावं, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडीला पन्नास वर्षं पूर्ण व्हायला हवीत. आमची पंचेचाळीस. म्हणजे ना तरुण, ना व्हिंटेज. एकदम मिडलाइफ क्रायसिस!

त्यातच सेल्फ बसला. आई म्हणाली, "पुरे झालं आता. हे एकटे निघाले आणि पळस्पे फाट्यावर गाडी बंद पडली, तर धक्का कोण मारणार?" मुद्दा बिनतोड होता. हँडल मारून इंजिन सुरू करता येतं, पण उलटा झटका बसला तर धडधाकट माणसाचाही हात जायबंदी होतो. या हँडलपासून सुटका व्हावी म्हणून तर चार्ल्स केटरिंगने इलेक्ट्रिक सेल्फ बनवला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. बाबा काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "भंगारवाल्याला रविवारी बोलावलंय. त्याआधी सेल्फ निघाला तर ठीक, नाहीतर देऊन टाकू."

आमच्याकडे होते तीन दिवस.

जवळच्या चकाचक गॅरेजमध्ये विचारलं. तिथल्या मुलाने आधी स्कॅनरची वायर कुठे लावायची ते शोधलं. बिचारा! या गाडीत कॉम्प्युटरच नाही, तर तो कुणाशी बोलणार? शेवटी बाबा म्हणाले, "पोरी, हात माझे चालत नाहीत. तुझे चालतात. मी सांगतो, तू कर."

आधी निदान. हेडलाइट लावून चावी फिरवायची. लाइट एकदम मंद झाले तर बॅटरी उतरलीय किंवा मोटर अडकलीय. लाइट जसेच्या तसे राहिले तर मोटर करंट घेतच नाहीये. आमचे लाइट ढिम्म. सोलेनॉइडचा 'टक्' आवाज येत होता आणि मोटरच्या टर्मिनलला लावलेला टेस्ट लॅम्पही पेटत होता. म्हणजे करंट दारापर्यंत येतोय, घरात शिरत नाहीये. बाबांनी हातोडीच्या दांड्याने मोटरला हलकेच ठोकायला सांगितलं. एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली, तिसऱ्यांदा ठप्प. "कार्बन संपलेत," बाबांनी निकाल दिला. कार्बन म्हणजे मोटरच्या आत करंट पोचवणारे छोटे ठोकळे. घासून घासून ते झिजतात.

कार्बन बदलणं सोपं. मोटर बाहेर काढणं, हा खरा सिनेमा. ती बसलेली असते इंजिनाच्या उजव्या अंगाला, डिस्ट्रिब्युटरच्या खाली, मागे सरकून. त्याच बाजूने स्टिअरिंगची दांडी खाली जाते. मोटरला बोल्ट फक्त दोन. खालचा खालून दिसतो. वरचा कुठूनच दिसत नाही. गंमत म्हणजे हे दुखणं इंटरनॅशनल आहे! आपल्या अॅम्बॅसॅडरचं १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातलं. १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये त्याच घराण्याचं इंजिन होतं, नंतरच्या एमजीबीमध्येही. त्यामुळे एमजीबीवाला इंग्रज साहेबही या वरच्या बोल्टपाशी आपल्यासारखाच कण्हतो.

शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. शनिवारी सकाळी बॅटरीची अर्थची केबल आधी काढली, कारण या मोटरच्या जाड केबलला पाना लागून ठिणगी उडाली तर खेळ खल्लास. मागच्या चाकांना दगड लावले. पुढून जॅक आणि त्याशिवाय दोन स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, हा बाबांचा नियम. मग डिस्ट्रिब्युटरची नुसती टोपी काढून बाजूला केली. डिस्ट्रिब्युटर हलवायचा नाही, नाहीतर टायमिंग बिघडतं.

पाने बाबांच्या पत्र्याच्या पेटीतले. हिचे नट-बोल्ट इंचांच्या मापाचे. चौदाचा पाना बसत नाही, पंधराचा ढिला होतो आणि ढिल्या पान्याने बोल्टचं डोकं गोल होतं. खालचा बोल्ट अर्ध्या तासात सुटला. वरच्यासाठी मी डोकं फिरवून, आरसा धरून, मोबाइलचा टॉर्च लावून बघत होते.

"बघू नकोस," बाबा स्टुलावरून म्हणाले, "चाचपड. मोटरच्या पाठीवरून बोट मागे ने. कडा लागली? तिच्यावर. लागलं डोकं?"

लागलं! पंचेचाळीस वर्षांच्या गाडीतली ती न दिसणारी जागा बाबांच्या बोटांना पाठ होती, आणि ती बोटं आता माझ्या मनगटाला होती. रिंग पाना बसवला. एकेका ओढीला जेमतेम करंगळीएवढी जागा. पाना काढ, पलटी कर, परत बसव. अडीच तास. आईने दोनदा चहा आणला, तिसऱ्यांदा स्वतःच टॉर्च धरून उभी राहिली. आणि मग 'कट्' असा आवाज आला. बाबा स्टुलावरून उठले. "सुटला," एवढंच म्हणाले, पण चष्मा काढून पुसायला लागले.

मोटर पुढे सरकवून, तिरकी करून खाली घेतली. पाच किलोच्या आट्याच्या पिशवीपेक्षा जड निघाली. जुन्या हायवेवर ट्रकांचे सेल्फ भरणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती उघडली. कार्बन अगदी वायरीपर्यंत झिजले होते. ते नवे बसवले, कॉम्युटेटर घासून चमकवला. बेंडिक्स, म्हणजे फ्लायव्हीलच्या दात्यांवर झेप घेणारी फिरकी, रॉकेलमध्ये धुतली. मी विचारलं, ग्रीस? चाचा हसले. "बेटी, इसको सूखा रखने का." ग्रीसला क्लचची धूळ चिकटते आणि फिरकी मधेच अडकते. समजा कधी दात्यांत अडकलीच, तर गाडी टॉपला टाकून मागे-पुढे हलवायची, सुटते.

संध्याकाळी मोटर परत बसवली. तो वरचा बोल्ट यावेळी मी न बघताच लावला. बाबांनी चावी माझ्या हातात दिली. एक हिसका, एक खोकला आणि इंजिन सुरू! रविवारी भंगारवाला आला. आईने त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

अॅम्बॅसॅडरचं उत्तरपाड्यातलं उत्पादन मे २०१४ मध्ये थांबलं. २०१७ साली नुसतं तिचं नाव प्यूजोला ऐंशी कोटींना विकलं गेलं. नावाला किंमत मिळते, हो. पण तो बोल्ट कुठे हाताला लागतो, ही माहिती कुठल्या सौद्यात लिहिलेली नसते. ज्याच्या बोटांत आहे त्याच्याकडून वेळेत मागून घ्यावी लागते. तुमच्याही घरात कुणाच्या तरी हातात असं काहीतरी असेल. मिक्सर असेल, पेटी असेल, पुरणपोळी असेल. एक शनिवार काढा.

आमच्या गाडीचं नवं रजिस्ट्रेशन झालं की ती २०३१ पर्यंत चालेल. त्याच वर्षी ती पन्नाशी गाठेल. बाबांनी पत्र्याच्या पेटीवर रंगाने माझं नाव घातलंय. म्हणतात, पुढच्या महिन्यात कार्बोरेटर उघडू.