बॅटरी कोण खातं?

जुनी गाडी दारात उभी असली की सल्ल्यांना तोटा नसतो. आमच्या सोसायटीत तर वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांनी आमच्या फियाटचं निदान करून झालंय. "बॅटरी बदला." "डायनामो गेलाय." "सगळं वायरिंग नवं करून टाका." आणि शेवटी, जरा आवाज खाली आणून, "आता द्या काढून."

फियाट म्हणजे खरं तर प्रीमियर पद्मिनी, १९७६ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. पण आमच्या घरात तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही. बाबांनी ती १९८४ साली सेकंडहँड घेतली. साखर कारखान्यांना पंपांचे सुटे भाग पुरवायचं त्यांचं काम. पुण्याहून सातारा, कराड, कोल्हापूर असं सारखं फिरणं. स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा असलेली ही गाडी खंबाटकी घाटातून त्यांनी किती वेळा नेली, याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही.

बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. २०२२ साली डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. तेव्हापासून दर रविवारी मी ती बाहेर काढते. म्हणजे काढायचा प्रयत्न करते. कारण तेव्हापासूनच हे सुरू झालं. रविवारी सकाळी सेल्फ मारावा तर नुसतं टक्. मग वॉचमन आणि पेपरवाला यांच्याकडून धक्का. तीन वर्षांत दोन बॅटऱ्या झाल्या, तिसरीही त्याच वाटेवर.

त्यातच रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाची वेळ आली. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाडीसाठी ही फी सहाशेवरून पाच हजार झाली. पण पैशांपेक्षा फिटनेस तपासणीची काळजी. जी गाडी धक्का मारून चालू होते ती तिथे न्यायची कशी? दादाचा बंगळूरहून फोन आला, भंगारात दे म्हणून. मी काही बोलणार तोच बाबा म्हणाले, "देऊन टाकू. आता तिच्यात दम नाही राहिला." जेवता जेवता म्हणाले, मान खाली घालून.

मला ते पटेना. मी शाळेत पंचवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. वीज कुठेतरी जाते आहे म्हणजे ती मोजता येणार. म्हटलं, देऊन टाकायचीच तर निदान कशाने मेली ते कळू दे. चारपाचशे रुपयांचा मल्टिमीटर घेतला आणि एक शनिवार मोकळा ठेवला.

बॅटरी उतरते तेव्हा आरोपी तीनच असतात. एक, बॅटरीच साठवत नाही. दोन, साठवते पण गाडी तिला भरत नाही. तीन, भरते पण गाडी उभी असताना कुणीतरी खातंय. गंमत अशी की तिन्हींचं लक्षण एकच, रविवारचं ते टक्. त्यामुळे नुसत्या लक्षणावरून औषध दिलं की बॅटरीचं दुकान चालतं, गाडी नाही.

पहिला आरोपी सोपा. बॅटरी बाहेर काढून पूर्ण चार्ज केली आणि दोन दिवस घरात नुसती ठेवली. १२.६ व्होल्ट, दोन दिवसांनीही १२.६. पूर्ण भरलेल्या, आराम करणाऱ्या बॅटरीचा आकडा हाच असतो. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, बाराच्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. तेव्हा बॅटरी निर्दोष. तीच बॅटरी गाडीला जोडून दोन दिवस ठेवली तर १२.४. म्हणजे चोर गाडीतच!

मग डायनामो. इथे फसायला होतं. आजच्या गाड्यांत अल्टरनेटर असतो, तो इंजिन नुसतं गुरगुरत असलं तरी चार्ज करतो. डायनामोचं तसं नाही. तो कमी फेऱ्यांवर जवळजवळ काहीच देत नाही, म्हणून सिग्नलला उभं असताना चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो. तो बघून लोक डायनामो गेला म्हणतात. मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय देऊन फेऱ्या वाढवल्या, दिवा विझला, बॅटरीवर १४.२ व्होल्ट दिसले. फॅनबेल्ट बोटाने दाबून पाहिला, जेमतेम सेंटिमीटरभर दबला. दुसराही आरोपी सुटला.

राहिला तिसरा. यासाठी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि तार व टर्मिनल यांच्या मध्ये मीटर अँपिअरवर ठेवून जोडायचा. निगेटिव्हच का? तर पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. आणि मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज गेलाच. गाडीचं दार बंद करायचं, आतला दिवा तेवढा हिशेबात येऊ नये म्हणून. आता सगळं बंद. किल्ली खिशात. आजच्या गाड्यांत अलार्म, कॉम्प्युटर वगैरे असल्याने अशा वेळी थोडाफार करंट चालतोच. पण आमच्या गाडीत झोपेत जागं राहणारं काही नाहीच. आकडा शून्य यायला हवा.

आला ०.१७.

हा आकडा फार छोटा वाटतो ना? पण गुणाकार करून बघा. आठवड्याचे १६८ तास. १६८ गुणिले ०.१७ म्हणजे साडेअठ्ठावीस अँपिअर-अवर. बॅटरी चाळीसची. रविवारी सेल्फला काय उरणार? आणि अशी रिकामी पडून राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, मग ती पुन्हा पूर्ण भरतच नाही. दोन बॅटऱ्या अशाच मेल्या.

मग एकेक फ्यूज काढत गेले. आकडा ढिम्म हलला नाही. डायनामोच्या कटआउटच्या तारा सोडवल्या, तरी ०.१७. बाबा तोवर खाली येऊन खुर्ची टाकून बसले होते. मी म्हटलं, "बाबा, सगळे फ्यूज काढले हो, तरी चालूच आहे." ते म्हणाले, "अगं, मग फ्यूजमधून न गेलेली तार शोध."

ती सापडली. पॉझिटिव्ह टर्मिनलवर मुख्य तारेच्या खाली एक बारीक लाल तार, काळी टेप गुंडाळलेली, मडगार्डच्या कडेने पुढे गेलेली. टोकाला गंजलेला रिले. बोट लावलं तर किंचित कोमट. तार ओढली तशी तो टक् करून सुटला आणि मीटर शून्यावर आला.

बाबांनी चष्मा पुसला. "हे फॉगलॅम्पचं आहे."

घाटातल्या धुक्यासाठी त्यांनीच ते बसवून घेतले होते, थेट बॅटरीवरून. २००४ साली गाडीला रंग दिला तेव्हा गंजलेले दिवे काढून टाकले. रिले आणि डॅशबोर्डखालचा स्विच तसाच राहिला, आणि तो स्विच आत चिकटला. दिवेच नाहीत, मग कुणाला दिसणार? नसलेल्या दिव्यांसाठी तो रिले कोण जाणे किती वर्षं इमानाने ओढून धरत होता.

"पण मग मला कधी त्रास झाला नाही तो?" बाबांनी विचारलं.

खरा मुद्दा हाच होता. दिवसाला जातात चार अँपिअर-अवर. बाबा रोज गाडी काढायचे, त्यात डायनामो तेवढे कधीच परत भरून टाकायचा. गळती होतीच, पण रोजची भरपाई तिच्यापेक्षा मोठी होती. २०२२ साली नवं काहीच बिघडलं नाही. फक्त भरपाई थांबली. म्हातारपणाच्या खात्यावर आपण किती गोष्टी अशाच टाकून देतो, नाही का? घरातल्या माणसांच्यासुद्धा.

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तिच्यात दम आहे."

असो. आता निगेटिव्हला एक कट-ऑफ स्विच बसवलाय. तो संध्याकाळी बंद करायला बाबा स्वतः खाली जातात, तेवढंच चालणं होतं. रविवारबरोबर बुधवारीही आम्ही सिंहगड रस्त्याने चक्कर मारून येतो, ते शेजारी बसून माझ्या गिअर टाकण्यावर टीका करतात. फिटनेसची तारीख घेतली आहे. दादाला फोन त्यांनीच केला, पाऊण तास चालला.

आणि तो रिले? मी कचऱ्यात टाकणार होते. बाबांनी पुसून कागदात गुंडाळला आणि कपाटात ठेवला. म्हणाले, "चांगला चालतोय की. लागेल कधीतरी."