चालू धंदा विकणे आहे

धंदा विकणाऱ्याला ‘का विकताय?’ असं विचारलं, की उत्तरं ठरलेली असतात. मुलं परदेशात आहेत, आता बघायला कोणी नाही. तब्येत साथ देत नाही. भागीदाराशी पटेना. गावी जाऊन शेती करायची आहे. यातली पहिली तीन मी स्वतः वेगवेगळ्या वेळी दिली आहेत आणि दुसऱ्यानं मला ऐकवली तेव्हा मानही डोलावली आहे. शेतीचं तेवढं कधी सांगितलं नाही. आमच्याकडे शेती नाही, आणि समोरचा सात-बारा मागेल अशी भीती होती.

पहिला सौदा चिंचवडचा. 1993 साली स्टेशनजवळ मी एसटीडी-पीसीओ टाकला. रात्री उशिरा पाव दर लागू झाला की बाहेर रांग लागायची. कामगारांची वस्ती, कोणी लातूरला फोन लावतोय, कोणी थेट बिहारला. मीटरमधून चिठ्ठी बाहेर आली की फाडायची, पैसे घ्यायचे, पुढच्याला आत सोडायचं. धंदा शिकावा असं त्यात काही नव्हतं, जागरण मात्र होतं. 2002 च्या सुरुवातीला एसटीडीचे दर उतरले आणि रांग पातळ झाली. मलाही जागरणाचा कंटाळा आला होता. झेरॉक्स मशीनसकट बूथ विकून टाकला. घेणारे गृहस्थ कारखान्यातून व्हीआरएस घेऊन बाहेर पडलेले. त्यांना ‘तब्येत’ सांगितली.

मे 2003 पासून मोबाइलवरचं इनकमिंग फुकट झालं आणि गल्लोगल्लीचे बूथ ओस पडले. मित्र म्हणाले, ‘काय वेळ साधलीस!’ मी हसून ते मान्य केलं. मला वास आला होता, असंही दोन-चार ठिकाणी सांगितलं. झोप पुरी होत नाही म्हणून विकला, हे कोणाला सांगणार? पुढे कित्येक वर्षं स्टेशनकडे जाताना मी पलीकडच्या फुटपाथनं जायचो. गृहस्थ मला कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पुढच्या वेळी कदाचित मी थोडा घाबरलो असतो.

त्या पैशांत कर्जाची भर घालून भोसरीत गाळा घेतला आणि कोरुगेटेड बॉक्सचा प्लँट टाकला. हा धंदा मात्र मी उभा केला, अगदी सिंगल फेसरच्या गरम रोलरवर हात भाजून घेण्यापासून. वापीहून क्राफ्ट पेपरचे रीळ यायचे. मधला कागद नालीदार करायचा, खळ लावून चिकटवायचा, वाळवायचा, कापायचा, तारेनं शिवायचा. पावसाळ्यात खळ वाळत नाही, बॉक्स मऊ पडतो आणि गिऱ्हाईक पूर्ण लॉट परत पाठवतं. हे सगळं मला कळत होतं. गिऱ्हाईकही मोठं मिळालं. चाकणची एक ऑटो पार्ट कंपनी 2005 पासून आमचा माल घेत होती आणि हळूहळू निम्म्याहून जास्त विक्री तिच्या एकटीकडे जायला लागली. पैसे तीन महिन्यांनी येत. 2006 च्या कायद्यानं लहान उद्योगाला पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. तक्रारीची सोयही कायद्यात आहे. ती केल्यावर पुढची ऑर्डर मिळण्याची सोय नाही.

चालत्या गाड्याला कंटाळणं हा माझा जुना रोग. 2015 मध्ये एक बेकरी विकायला असल्याचं कळलं. जुनी, नाव असलेली. शेठ सत्तरीचे, मुलं कॅनडात. मी काउंटरवर जाऊन बसायला लागलो, म्हणजे मला वाटलं की मी तपासणी करतोय. जुलैचा पाऊस, संध्याकाळी खारी आणि टोस्ट घ्यायला झुंबड. शेठनी दोन वह्या दाखवल्या. पक्की वही आयकराची, तिच्यात धंदा लहान. कच्ची वही खरी, तिच्यात धंदा मोठा. किंमत कच्च्या वहीवर ठरली आणि तिचा बराचसा भाग कच्च्यातच दिला गेला. सरकारपासून आकडा लपवणारा हा माणूस माझ्यापासून काहीच लपवत नसेल, असं मी कशावरून धरलं, ते मला आजही सांगता येत नाही.

काउंटर हा त्या बेकरीचा लहानसा हिस्सा होता. खरा माल लाइनवर जायचा. पहाटे सायकलवाले आणि मोटारसायकलवाले पत्र्याच्या पेट्या भरून निघत आणि टपऱ्यांवर, किराणा दुकानांत माल टाकून येत. कच्च्या वहीत लाइनवर गेलेला माल चोख लिहिलेला होता. परत आलेला कुठेच नव्हता. मऊ पडलेली खारी, तुटके टोस्ट, तिसऱ्या दिवसाचे बटर हे सगळं संध्याकाळी मागच्या दारानं येत होतं, आणि मी पुढच्या दाराला बसलो होतो.

ताबा घेताना स्टॉक मोजला. मागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यांची थप्पी होती, तिच्यामागे सुतळीनं शिवलेली आणखी पोती. मी ती सगळी मैद्याच्या भावानं धरली. बॉक्सचा धंदा करणारा माणूस, पोतं उघडून बघायची बुद्धी व्हायला नको? काही दिवसांनी एक पोतं उंदरांनी फोडलं. आत चुरा होता. पोल्ट्रीला जाणारा, किलोमागे किरकोळ पैसे देणारा. शेठना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, ‘मी कुठे मैदा म्हणालो होतो? तुम्हीच लिहून घेतलंत.’ कागद काढून बघितला. अक्षर माझंच होतं.

हे पैशात निभावलं असतं. उस्तादचं नाही निभावलं. भट्टीवरचे सगळे कारागीर उत्तर प्रदेशातल्या एकाच भागातले, उस्तादनं आणलेले. शेठनी त्याला मोठी उचल दिलेली होती, ती वर्षानुवर्षं तशीच फिरत होती. थोडी कापायची, ईदला गावी जाताना पुन्हा द्यायची. सौदा करताना मी ती उचल येणं म्हणून विकत घेतली होती, त्यामुळे ती वसूल व्हायला हवी असं मला वाटत होतं. पहिल्याच पगाराला मी उस्तादला समोर बसवून हप्ता ठरवला. कॅल्क्युलेटर त्याच्याकडे फिरवून आकडा दाखवला. तो बघत राहिला आणि म्हणाला, ‘ठीक है सेठ.’ एवढंच. मला वाटलं, काय सरळ माणूस आहे.

पुढच्या ईदला तो गावी गेला, त्याच्यामागून दोन-दोन करून बाकीचे गेले. परत आले ते दुसऱ्या बेकरीत, तिथल्या मालकानं नवी उचल देऊन बोलावलेले. लाइनवाल्यांनी महिनाभर माझा माल नेला, मग तेही तिकडे वळले. लाइन त्यांची होती, बेकरीची नव्हती. गिऱ्हाईकाला खारीचे पदर सुटायला हवे होते, दुकानावरच्या पाटीशी त्याचं काय देणंघेणं? पदर उस्तादच्या हातात होते. नंतर आणलेल्या कारागिरांची खारी बघायला चांगली होती.

आता ज्याबद्दल मी घरात बरीच वर्षं बोललो नाही ते. बेकरीचे पैसे मी बॉक्सच्या प्लँटच्या सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, खात्यातून उचलले होते. सीसी कागद घ्यायला असते, बेकरी घ्यायला नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. बँकेला दर महिन्याला जे स्टॉक स्टेटमेंट द्यायचं, त्यात मी रीळ वाढवून लिहायला लागलो. एकदा बँकेचे अधिकारी तपासणीला आले तेव्हा शेजारच्या गाळ्यातले रीळ आमच्यात आणून उभे केले. ते ढकलताना कामगार हसत होते, मीही हसत होतो. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी आली. बेकरीचा रोखीचा धंदा आधीच लंगडत होता, तो बसला. भट्टी, मिक्सर, ट्रे असं सुटं-सुटं विकलं. नाव कोणी विकत घेतलं नाही. सीसीतलं भोक तसंच राहिलं आणि मी त्यावर रीळ लिहीत राहिलो.

2020 च्या शेवटाकडे कागदाचे भाव पेटले. 1 जानेवारी 2021 पासून चीननं रद्दी कागदाची आयात पूर्ण बंद केली. तिथल्या मिलना तयार माल हवा होता, आपल्या मिल तिकडे रोल पाठवायला लागल्या आणि इथे आठवड्याला नवा भाव निघायला लागला. बॉक्समध्ये खर्च म्हणजे मुख्यतः कागदच. मिल रोख मागते, गिऱ्हाईक दरवाढीचं पत्र तीन महिने टेबलावर ठेवतं. ज्यांच्या सीसीत जागा होती ते तरले. माझ्या जागेत बेकरी गाडलेली होती.

त्याच सुमाराला चाकणला माल उतरवायला गेलो असताना डॉकवर निळ्या प्लास्टिकच्या बिनची थप्पी दिसली. घडी होणारे, रिकामे परत पाठवायचे बिन. जवळ जाऊन बघितलं, तर स्टिकरवर आमच्याच बॉक्सचा पार्ट नंबर. पर्चेसचे साहेब म्हणाले, ‘ट्रायल आहे हो, काळजी करू नका.’ काळजी करू नका असं पर्चेसवाला म्हणतो तेव्हा काय समजायचं, ते या धंद्यात सगळ्यांना कळतं.

मी प्लँट विकायला काढला.

घेणारा मुलगा हिंजवडीतली नोकरी सोडून आलेला, पस्तिशीचा, हुशार. माझ्यासारखा काउंटरवर बसला नाही. तीन वर्षांचे जीएसटी रिटर्न घेऊन एकेका गिऱ्हाईकाची विक्री जुळवली. सीसीचा खड्डा त्याला दिसला, किंमत त्यानं त्या मानानं खाली आणली आणि मी तक्रार केली नाही. ‘का विकताय?’ त्यानं विचारलं. मुलगी जर्मनीत आहे, आता पुरे झालं, असं मी म्हणालो. मुलगी खरोखरच जर्मनीत आहे. मग त्यानं विचारलं, ‘सर, चाकणचं गिऱ्हाईक टिकेल ना?’ मी म्हणालो, ‘2005 पासून टिकलंय.’

या वाक्यात खोटा शब्द नाही. मी नंतर बऱ्याचदा तपासून बघितलंय. ते म्हणताना मी त्याच्याकडे न बघता स्टिचिंग मशीनकडे बघत होतो, हेही लक्षात आहे. बूथच्या वेळी मला पुढचं दिसत नव्हतं, म्हणून तिथे मनाला समजावता येतं. इथे निळे बिन मी हातात घेऊन बघितले होते.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड होती, म्हणून शेअर त्याच्या नावावर केले आणि मी संचालकपद सोडलं. आमचे सीए म्हणाले होते, ‘बँकेकडून गॅरंटी सुटल्याचं पत्र हातात येईपर्यंत शेअर सोडू नका.’ बँक म्हणाली, प्रोसेसमध्ये आहे. मला घाई होती. घाई कशाची, ते मी सीएंनाही सांगू शकत नव्हतो. ट्रायल संपायच्या आत मला बाहेर पडायचं होतं.

वर्षाच्या आत चाकणचं काम बिनमध्ये गेलं. मुलानं जमेल तेवढं ओढलं, पण हप्ते नव्वद दिवस थकले, खातं एनपीए झालं आणि बँकेची नोटीस माझ्या घरी आली. जामीनदार म्हणून माझं नाव, आणि खाली हिचं. त्या कागदांवर मी तिची सही कधी घेतली होती ते तिला आठवत नव्हतं. मला आठवत होतं. चहा होईस्तोवर कर, असं म्हणून घेतली होती. तळेगावचा प्लॉट विकून तडजोडीची रक्कम भरली. तो प्लॉट तिच्या वडिलांनी दिलेल्या पैशांतून घेतलेला होता. ती भांडली नाही. ‘अहो, त्या मुलाला तुम्ही सांगितलं होतं का?’ एवढं विचारलं, आणि मी उत्तर जुळवत असताना ती आत निघून गेली.

मुलाची गाठ बँकेच्या जिन्यात पडली. माझ्या डोक्यात बरंच तयार होतं, कागदाचे भाव, चीन, बाजार. तो म्हणाला, ‘सर, मी विचारलं होतं.’ तयार केलेलं काहीच उपयोगी पडलं नाही. मी ‘हो’ म्हणालो. तो आता परत नोकरीत आहे.

हल्ली ओळखीतले लोक धंदा घेण्याआधी मला दाखवायला नेतात. मी काय-काय करून बसलोय ते त्यांना माहीत आहे, म्हणूनच नेत असावेत. मी आधी मागच्या दाराला जाऊन उभा राहतो. पोतं असेल तर उघडायला लावतो. जीएसटीची थकबाकी विचारतो, कारण कायद्याचं कलम 85 विकणाऱ्याची बाकी घेणाऱ्याच्याही गळ्यात घालतं, आणि पीएफचंही तसंच आहे. मालकापेक्षा जुन्या कामगाराशी जास्त वेळ बोलतो. यामुळे मालकांना माझा राग येतो.

मागच्या वर्षी भाच्याला वाकडला एक लाँड्री घ्यायची होती. मी जाऊन बसलो. भाडेकरार अकरा महिन्यांचा, बॉयलर जुना, विक्रीचा मोठा भाग एकाच हॉटेलकडून, आणि मालकाची मुलं परदेशात. मी भाच्याला पानभर लिहून दिलं आणि सांगितलं, हात लावू नकोस. त्यानं पान नीट वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि लाँड्री घेतली. आज ती उत्तम चालते. मालकाची मुलंही, चौकशी केली तर, खरोखरच परदेशात निघाली.